कुंदाच्या ओसरीवरची जपानी बाई

चित्र दिसलं की ते पोरांचं, असं ज्यांना वाटतं त्या सगळ्यांना मला एकदा एका ओळीत उभं करून विचारायचंय, की बाप्पा, तुमच्या देवघरातल्या तसबिरी काय बालवाडीसाठी टांगल्या आहेत? या प्रवासात मी हा प्रश्न दोनदा विचारला. दोन्ही वेळा समोरचा माणूस हसला. मी विनोद करत नव्हते.

मी मूळची यवतमाळची. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, काकाही कचेरीत. मी तेवढी वाट चुकले, पुण्यात जाऊन जपानी शिकले आणि एक वर्ष तिकडे राहून आले. तिथून सवय लागली ती मांगांची, म्हणजे तिकडच्या चित्रकथांची. दोन वर्षांपूर्वी मी माझ्याजवळच्या काही सिनेमांच्या सीडी आणि पुस्तकं पेटीत भरली. पुस्तकांतला प्रत्येक बोलाचा फुगा मोजून मराठी मजकूर टाइप केला, कापला आणि जपानी अक्षरांवर चिकटवला. गोंदाने बोटं सोलली होती माझी. यवतमाळच्या एका संस्थेने ती पेटी चार ठिकाणी वाटून दिली. त्यातलं एक वाचनालय महागावजवळच्या बंजारा तांड्यावर होतं आणि ते चालवायची कुंदा राठोड, तांड्याच्या नायकाची, म्हणजे प्रमुखाची, सून.

तिचाच फोन आला. "ताई, कपाटाले कुलूप लागलं. तुमच्या पुस्तकाचं काही झालं. मामंजी म्हनतेत, ज्यानं पुस्तक केलं त्यालेच बोलवा." एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये होते.

यवतमाळ

बसबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाठ दुखली आणि पहाटे माझं गाव आलं. बोंडअळीचं वर्ष होतं. स्टँडबाहेर चहा पिताना आजूबाजूची माणसं एकाच विषयावर बोलत होती, कापूस विकायचा की घरात ठेवायचा. कोणी भांडत नव्हतं. भांडायला ज्याच्याशी भांडायचं तो समोर लागतो.

संस्थेच्या ऑफिसात भिंतीवर एक मोठं रंगीत चित्र होतं. गोलमटोल शेतकरी, गाल लाल, हातात कापसाचं बोंड, वर लिहिलेलं, 'खचू नका, बोलते व्हा'. चित्रातल्या शेतकऱ्याला दात इतके पांढरे की मला वाटलं ही टूथपेस्टची जाहिरात आहे. खाली असल्याच चित्रांच्या घडीपत्रिकांचा ढीग होता. म्हणजे मोठ्या माणसाला चित्र द्यायचं तर उपदेशाचं, आणि गोष्ट द्यायची तर ती पोरांना. माझं डोकं तिथेच सणकलं.

संस्थेचे साहेब भले गृहस्थ. त्यांनी मोबाइलवर एक फोटो काढून माझ्यासमोर धरला. माझ्याच पुस्तकातलं पान. एक बाई लाकडी टबात गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली. मान आणि अर्धे खांदे, बाकी सगळी वाफ.

"मॅडम, तक्रार आली आहे. कार्टून आहे म्हणून आपण घेतलं. त्यात असलं काही निघेल हे कोणाला माहीत?"

"साहेब, हे मोठ्या बायकांसाठीचं पुस्तक आहे. मी पाठीवर पट्टी लावून दिली होती."

आणि मग मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. जपानात दुकानातली कपाटंच वेगळी असतात. अगदी लहानांसाठी वेगळं, मारामारीचं आणि मैत्रीचं मोठ्या मुलांसाठी, पहिल्या प्रेमाचं मुलींसाठी, नोकरी-लढाई-म्हातारपणाचं पुरुषांसाठी, आणि संसारात पंधरा वर्षं काढलेल्या बायकांसाठी आणखी वेगळं. ॲनिमेचं, म्हणजे तिकडच्या चित्रांच्या सिनेमांचंही तेच. गाडीत टाय लावलेला माणूस मांगा वाचतो आणि कोणी त्याच्याकडे वळून बघत नाही. म्हणून मी पाच रंगांच्या पट्ट्या लावल्या होत्या आणि शेवटची, बायकांची, मरून रंगाची होती.

"पट्ट्या होत्या," साहेब म्हणाले. "आमच्या माणसांनी त्यावर संस्थेचं स्टिकर लावलं."

ते स्टिकर मी पाहिलं. त्यावर फुगा धरलेलं बाळ होतं. पाची रंगांवर एकच बाळ.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. राग आला की माझी पुण्याची भाषा गळून पडते आणि खालची वऱ्हाडी उघडी होते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, देवघरातल्या तसबिरींच्या प्रश्नाला तेवढे हसले आणि निर्णय सांगितला. सोमवारी गाडी जाणार, सगळी पुस्तकं उचलणार, कुंदाचं कामही काढून दुसऱ्या गावच्या कोणाला देणार. "हां, नायकांचं समाधान झालं तर माझी हरकत नाही. त्यांनी फोनवर सांगितलं पाहिजे." तो शुक्रवार होता.

दारव्हा

पुसदवरून महागावला जायचं तर दारव्हा वाटेतच, म्हणून साहेबांनी तिथली शाळा बघून जा म्हणून गळ घातली. तिथे वाचनालय 'आदर्श' चाललं होतं म्हणे. जीपमध्ये मला ड्रायव्हरच्या बाजूला जागा मिळाली, म्हणजे अर्धी मी आणि अर्धं गिअरचं दांडकं. बाजाराचा दिवस होता. उतरल्या उतरल्या एका गाडीवर आलुबोंडा खाल्ला, वरून तर्री ओतलेली. पुण्यात तिखट म्हणून जे देतात ते इथे लहान पोराला भरवतील. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी आणि पांढऱ्या कुर्त्यावर लाल ओघळ. गाडीवाला म्हणाला, "तुम्ही बाहेरच्या काय?" मी म्हटलं, "नाही ना भाऊ, इथलीच." त्याचा विश्वास बसला नाही.

शाळेत गेले तर मास्तर सिनेमा दाखवत होते. माझ्याच पेटीतली सीडी. त्या ॲनिमे सिनेमात एक म्हातारा धरणात बुडालेल्या आपल्या गावाच्या काठावर येतो आणि पाणी ओसरायची वाट बघत बसतो. पाऊण तास तो जवळजवळ बोलत नाही. पट्टी निळी, मोठ्या माणसांची. आणि समोर पहिली-दुसरीची पोट्टी. निम्मी झोपली होती, दोन एकमेकांच्या केसांत काड्या खोचत होती आणि एक भोकाड पसरून रडत होतं.

दाराशी खिचडी शिजवणारी बाई हातात पळी घेऊन उभी होती. तिचं सगळं लक्ष पडद्यावर. मास्तरांनी तिला हटकलं, "ओ, तुमचं काय काम इथं? पोट्ट्यायचं कार्टून चालू हाय."

ती म्हणाली, "पाहू द्या न गुरुजी. माह्यं माहेर असंच गेलं धरनात."

"मंग खिचडी कोण पाह्यन?"

ती गेली. माझ्या देखत गेली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या वर्गात कळलं. मी मास्तरांना म्हटलं, ज्याच्यासाठी हा सिनेमा केला होता ते माणूस तुम्ही आत्ता दारातून हाकललं. देवघरातल्या तसबिरींचाही प्रश्न विचारला. मास्तर हसले. म्हणाले, मॅडम, तुम्ही फार मनावर घेता, शेवटी कार्टूनच ना. मी सीडी मशीनमधून काढली, स्वयंपाकखोलीत जाऊन त्या बाईच्या हातात ठेवली आणि निघाले. तिच्या घरी ती लावायला काही होतं की नाही हे विचारायचं मला सुचलंच नाही. जीपमध्ये बसल्यावर सुचलं आणि मग स्वतःचाही राग आला.

महागाव आणि तांडा

महागावात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. फाट्यावर कुंदा घ्यायला आली होती. तिशीतली, ताठ चालणारी, पण अंगावरचं सगळं मांस उतरलेलं. मी विचारलं तर म्हणाली, "दिवाळीत ताप आलता, डेंगूचा. झाली आपसूक बरी." आणि माझी पिशवी माझ्या हातातून घेऊन पुढे चालायला लागली. रस्ताभर मीच बोलत होते. टबातल्या चित्राचं काय उत्तर द्यायचं, मरून पट्टी पुन्हा कशी लावायची, बायकांचं वाचन वेगळ्या वारी कसं ठेवायचं, सगळं मी तिला समजावून सांगितलं. ती "हाव", "हाव" करत राहिली.

ज्यांनी तांडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. गावापासून सुटी अशी एकाच समाजाची वस्ती, एकेकाळी बैलांवर माल वाहणाऱ्यांची, आता कापूस-सोयाबीन करणाऱ्यांची. बाहेरच्यांशी वऱ्हाडी, घरात गोरबोली. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून कापूस घराघरांत भरलेला. नायकाच्या ओसरीवर तर छतापर्यंत कापसाची गंजी, आणि त्या गंजीला टेकून एक लोखंडी कपाट. हेच वाचनालय. कपाटाला नवं पितळी कुलूप. कापसातल्या किड्यांनी सगळ्यांच्या अंगाला खाज सुटलेली, बोलता बोलता माणसं कोपर खाजवत होती. अर्ध्या तासात मीही खाजवायला लागले.

जेवायला ज्वारीची बाटी होती, बाटी म्हणजे आपली भाकरीच, आणि अंबाडीची आंबट भाजी. सासूने वरून तेल सोडलं. ते जेवण मी तीन वेळा मागून घेतलं आणि त्या एका तासात मला कशाचाही राग आला नाही.

वाचन कसं चालायचं ते मला तिथे कळलं. मी पुण्यात बसून काय कल्पना केली होती? एकेक माणूस येईल, आपल्या पट्टीचं पुस्तक घेईल, कोपऱ्यात बसून वाचेल. जपानात तसं असतं, पुण्यातही तसंच असतं. इथे कोणी एकटं वाचतच नाही. संध्याकाळी सगळी माणसं ओसरीवर बसून कापूस निवडतात, चांगला एकीकडे आणि अळीने खाल्लेली पिवळी कवडी दुसरीकडे. हात कापसात आणि कान कुंदाकडे. ती पुस्तक उलटं धरून चित्र सगळ्यांना दाखवायची, माझं चिकटवलेलं मराठी स्वतःशी वाचायची आणि गोरबोलीत मोठ्याने सांगायची. पोरं, पोरी, म्हातारे, सुना, सासरे, सगळे एकाच घोळक्यात. मुलींचं पहिलं प्रेम म्हाताऱ्या आज्यांनी ऐकलं. पोरांची तलवारबाजी सुनांनी ऐकली. आणि मरून पट्टीवालं, नवरा-सासूच्या घरात गप्प राहणाऱ्या बाईचं पुस्तक, ते खुद्द नायकाने ऐकलं, सुनेच्या तोंडून.

"अगं, हे मोठ्या बायकांचं वेगळं ठेवायचं होतं ना," मी कुंदाला म्हटलं. "वर पट्टी लावली होती."

"स्टिकर होतं त्याच्यावर, बाळाचं," ती म्हणाली. "अन् वेगळं बसवू कुठं? ओसरी तं एकच हाय."

नायक

सकाळी नायक समोर येऊन बसले. पांढरं धोतर, डोक्याला पागोटं, कुलपाची किल्ली कमरेच्या करदोट्याला. त्यांनी आधी माझ्या वडिलांची चौकशी केली, मग पुण्यात पाण्याचं कसं आहे ते विचारलं. कोपऱ्यात कुंदाचा नवरा भिंतीला टेकून बसला होता आणि कुंदा गंजीपाशी कवडी निवडत होती. चार-पाच बाया आणि दोन म्हातारे आपापल्या कामानिशी येऊन टेकले. बोलावलं कोणाला नव्हतं.

मी माझं भाषण सुरू केलं. टब, वाफ, तिकडची आंघोळीची पद्धत. नायकांनी हात वर केला.

"त्या चित्राचं काही नाही बाई. बाया नदीवर आंगोळ करतच असतेत. ते तुमच्या साहेबाले सांगाले काहीतरी पायजे होतं, म्हनून पोराच्या हातून तो फोटो धाडला."

"मग कुलूप कायले लावलं?"

नायकांनी करदोट्याची किल्ली चाचपली. मग म्हणाले, "त्याच्यात एक बाई बोलते. म्हनते, या घरात कापसाले अळी लागली तं सारं घर जागं राह्यते. मले ताप आला तं कोणी कूस नाही बदलली." त्यांनी ते शब्द एकेक करून, जपून उच्चारले. "सारा तांडा बसला होता. आयकून साऱ्यायनं माह्याकडं पाह्यलं. मले फकस्त एवढं सांगा, हे तुमच्या पुस्तकात हाय, का नाही?"

आता वाचकहो, त्या पुस्तकाचे चारही भाग मी फुग्याफुग्याने ओळखते. ती गोष्ट एका मोठ्या शहरातल्या सहाव्या मजल्यावर घडते. तिथे कापूस नाही, अळी नाही, वावर नाही. बाईला ताप येतो हे खरं. ते एक सबंध पान आहे, पण त्या पानावर एकही शब्द नाही. ती उठते, स्वतःच पेज करते, स्वतःच पिते, वाटी धुते आणि झोपते. मला चिकटवायला तिथे फुगाच नव्हता.

मी कुंदाकडे पाहिलं. तिचे हात चालू होते. मान खाली. चांगला कापूस एकीकडे, कवडी एकीकडे.

नाही म्हटलं असतं तर माझं पुस्तक सुटलं असतं. चारही भाग स्वच्छ, भाषांतरकार निर्दोष. आणि त्या ओसरीवर, सगळ्यांसमोर, उरली असती एकटी कुंदा.

"हाय," मी म्हणाले. "मीच लिहिलं ते."

"जपानात पराटी असते, कापसाची?"

"असते."

"अन् अळी?"

"अळी कुठं नसते, नायक?"

एक म्हातारा हुंकारला. नायकांनी करदोट्याची किल्ली सोडली, कुलूप काढलं आणि पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. "वाचून दाखवा."

मी तापाचं पान उघडलं. माझ्या बोटाखाली वाटी धुणाऱ्या बाईची पाठ होती आणि पांढरा कागद. नायकांची नजर पुस्तकावर नव्हतीच, माझ्या तोंडावर होती. मी त्या कोऱ्या कागदावर बोट फिरवत, अडखळत, वाचल्यासारखं केलं. या घरात कापसाले अळी लागली तं सारं घर जागं राह्यते. मले ताप आला तं कोणी कूस नाही बदलली. वाचता वाचता माझा आवाज चढला, तो मी खोटा चढवला नव्हता. कोपऱ्यात कुंदाचा नवरा उठला आणि बाहेर निघून गेला.

नायकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. उघड उतरला. त्यांनी मांडी मोकळी केली.

"पुस्तकातली हाय तं मंग काही हरकत नाही," ते म्हणाले. "मले वाटलं आमच्या घरची बोलली. वाचू द्या तिले. साहेबाले मी फोन करतो."

आतापर्यंतच्या प्रवासातला सगळा राग एका पारड्यात आणि या वाक्याचा दुसऱ्यात. साहेब परवडले, मास्तर परवडले. निदान त्यांना काही कळलंच नव्हतं. या माणसाला शब्द अन् शब्द पाठ होता. आणि तो दुःख करत होता ते सुनेला ताप आला याचं नाही, तर ती बोलली असेल की काय याचं. जपानच्या बाईने तापाने मरावं की जगावं, याची त्याला काही फिकीर नव्हती, म्हणून तिला बोलायला मुभा. मी तोंड उघडलं. सगळं ओठांवर आलं होतं, डेंगू, दिवाळी, कोरं पान. तेवढ्यात कुंदाने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला, अगदी जवळ, आणि कप ठेवून हात तिथेच राहू दिला. मी चहा प्यायले. तो फार गोड होता आणि मी तो शेवटपर्यंत प्यायले.

फाटा

उमरखेडची बस धरायला कुंदा मला फाट्यापर्यंत सोडायला आली. तांडा मागे पडेपर्यंत मी दम धरला आणि मग तिच्यावरच तुटून पडले. मले आधी सांगाले काय झालं होतं? मी नाही म्हटलं असतं तर? रात्रभर माह्या बाजूला झोपली, एक शब्द नाही बोलली?

"सांगतलं असतं तं तुम्ही मामंजीसंग भांडल्या असत्या," ती म्हणाली. "तुमचा सोभाव फोनवरच समजते."

मी विषय बदलला. म्हटलं, आता तरी शहाणी हो, ते पुस्तक फक्त बायांत वाच. दुपारी, पुरुष वावरात गेले की. ते लिहिलंच बायांसाठी आहे, जपानातसुद्धा ते कपाट वेगळं असतं.

ती थांबली. पहिल्यांदा तिच्या आवाजाला धार आली.

"बायायले काय वाचून दाखवू ताई? बायायले तं मालूमच हाय सारं. ज्याले मालूम नाही, त्यालेच आयकवाचं हाय."

मी पाच रंगांच्या पट्ट्या लावल्या होत्या. मला ही सहावी सुचली नव्हती आणि जपानात कोणालाही सुचलेली मी पाहिली नव्हती.

बस येताना दिसली. कुंदाने माझी पिशवी खांद्यावरून काढून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "ते पुस्तक किती भागाचं हाय?"

"चार. तुझ्याकडे चारही आहेत. शेवटी ती बाई काहीच बोलत नाही, आधीच सांगून ठेवते."

"पाह्यलं मी," कुंदा म्हणाली. "संपवत नाही मी ते एवढ्यात. तुम्ही हाय म्हनल्या न साऱ्यायसमोर, आता त्या बाईले लय बोलाचं हाय."